न्हाणीघराची फरशी उखडण्यापूर्वी

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे गुडघे बोलू लागले, की घराचं न्हाणीघर बदलायची वेळ येते. खाली बसायचं शौचालय काढून कमोड, गुळगुळीत फरशीऐवजी पाय न घसरणारी, भिंतीला धरायला एक दांडी. काम आठ-दहा दिवसांचं. गवंडी येतो, पायानं फरशी ठोकून बघतो, प्लंबर वहीच्या पाठकोऱ्या पानावर एल्बो आणि पाइपांची यादी करतो. तेवढ्यात घरातलं कुणीतरी विचारतं, ‘महापालिकेला विचारावं लागतं का हो?’

या प्रश्नाला अहिल्यानगरमध्ये हमखास दोन उत्तरं मिळतात. गवंडी म्हणतो, घरातल्या कामाला कसली परवानगी! शेजारचे काका म्हणतात, कुणी तक्रार केली तर पाडायला लावतील, आधी कुणालातरी भेटून घ्या. दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत, आणि अर्धवट उत्तरांचा भुर्दंड शेवटी घरमालकालाच पडतो. जिथं भ्यायचं कारण नाही तिथं लोक भितात, आणि जिथं खरोखर विचारायला हवं तिथं बिनधास्त घण चालवतात.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याच्या ४३व्या कलमात विकासकामाला परवानगी हवी असं म्हटलं आहे, पण त्याच कलमात सूटही आहे. इमारतीची देखभाल, सुधारणा किंवा फेरफार यांचा परिणाम केवळ आतल्या भागावर होत असेल, किंवा बाहेरच्या स्वरूपात त्यानं लक्षणीय बदल होत नसेल, तर परवानगीची गरज नाही. म्हणजे आहे त्याच जागी फरशी बदलणं, टाइल्स लावणं, नळ आणि कमोड बसवणं यासाठी कुणाच्या दारात उभं राहायला नको. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यात तर किरकोळ दुरुस्तीची यादीच दिली आहे. फरशी बदलणं, शौचालय, स्नानगृह व धुण्याच्या जागेची दुरुस्ती, सांडपाण्याचे पाइप, नळ, चेंबर बदलणं ही कामं त्यात नावानिशी आहेत. आणि त्यात काय मोडत नाही, हेही तिथंच लिहिलंय: बांधकामाची लांबी-रुंदी-उंची बदलणं, भार पेलणारी भिंत किंवा खांब-तुळई काढणं, जोतं किंवा जमिनीची पातळी खाली नेणं.

अशी यादी नगरच्या माणसाच्या हातात का नाही? मुंबईखेरीज राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२०पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. जाडजूड दस्तऐवज आहे. वास्तुविशारदाला तो पाठ असेल, पण पेन्शनवर घर चालवणाऱ्या निवृत्त शिक्षकानं त्यातून आपल्या चार बाय सहाच्या न्हाणीघराचा नियम कसा शोधायचा?

बरं, एकाच गावात नियमही एकसारखे नाहीत. नगरची महापालिका २००३मध्ये झाली, जिल्ह्याचं नाव २०२४मध्ये अहिल्यानगर झालं, पण शहराची जुनी विभागणी तशीच आहे. सावेडीतला फ्लॅट महापालिकेच्या हद्दीत. भिंगारचं घर छावणी परिषदेच्या हद्दीत असेल, तर तिथं २००६चा कॅन्टोन्मेंट कायदा चालतो. इमारतीच्या मजबुतीला किंवा तिच्या सांडपाणी, वायुवीजन व स्वच्छतेच्या व्यवस्थेला बाधा येऊ शकेल असा फेरफार म्हणजे जणू नवं बांधकामच, अशी छावणीच्या कायद्याची दृष्टी आहे. सावेडीत ज्या कामाकडे कुणी ढुंकून पाहणार नाही, त्याच कामासाठी भिंगारमध्ये आधी चौकशी केलेली बरी.

तिसरा भाग आहे निजामशाहीच्या खुणांचा. दमडी मशीद, फराहबाग अशी केंद्र सरकारच्या संरक्षणाखालची स्मारकं या शहरात आहेत. २०१०च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र प्रतिबंधित आणि पुढचं २०० मीटरचं नियंत्रित ठरलं. त्या शंभर मीटरच्या आत ज्याचं घर आहे, त्याला घराच्या दुरुस्ती-नूतनीकरणासाठीही सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची तरतूद आहे. हे किती घरमालकांना ठाऊक असेल? ज्या शहरात सुलतानांच्या काळी आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणून महालांत आणि हमामखान्यांत खेळवलं, त्या शहरात आज न्हाणीघराचा नियम समजून घ्यायला माणसाला तीन कचेऱ्या फिराव्या लागू नयेत.

परवानगीचा हा गुंता सोडवता येईल. त्याहून काळजीचा मुद्दा आहे तो फरशीखाली.

सावेडीतल्या तिसऱ्या मजल्यावरचा एखादा फ्लॅट घ्या. न्हाणीघराचा स्लॅब बाजूच्या खोल्यांपेक्षा फूटभर खाली टाकलेला असतो. त्या खळग्यात पाइप, त्यांच्याभोवती विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर फरशी. सगळं पाणी शेवटी कोपऱ्यातल्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये जातं. (हा शब्द आपल्या न्हाणीतूनच गेला आणि देशभरच्या प्लंबरांच्या तोंडी बसला.) ब्रेकर चालतो तेव्हा हा कोबा निघतो. काळा पडलेला, ओल धरलेला, हातात घेतला की कुबट वास येणारा. त्याच्याखाली जलरोधक थर असतो, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा. ब्रेकरचं टोक त्यात घुसलं की वरच्या घरात काहीच दिसत नाही. दिसतं ते खालच्या घरात, दोन-तीन महिन्यांनी, छताच्या कोपऱ्यात. आधी पिवळट डाग, मग पोपडे, मग टपटप. तिथून पुढं दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद.

म्हणून फ्लॅटमध्ये पहिली परवानगी महापालिकेची नाही, सोसायटीची. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेत फेरफार करण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. सोसायटी नसून अपार्टमेंट असेल, तर १९७०चा अपार्टमेंट मालकी कायदा इमारतीच्या सुरक्षिततेला धोका होईल असं काम करायला मनाई करतो. परवानगीचं हे पत्र म्हणजे कागदी सोपस्कार समजू नये. त्यात दोन ओळी हव्यात: काम कधी चालेल, आणि नव्या जलरोधक थरावर फरशी बसवण्याआधी दोन दिवस पाणी भरून ठेवून खालच्या शेजाऱ्याला छत दाखवलं जाईल. चांगला कारागीर हे स्वतःहून करतो. घाईतला कारागीर तिसऱ्या दिवशी टाइल्स लावून मोकळा होतो.

इमारत नवी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रेरा कायद्यानं ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातले दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकावर टाकली आहे. त्या मुदतीत मालकानं स्वतःच न्हाणीघर फोडलं, की गळती मूळची की नंतरची, हा वाद उभा राहतो. निदान फोडण्याआधीचे फोटो काढून ठेवावेत.

मग खरोखर परवानगी कुठं लागते? न्हाणीघर वाढवण्यासाठी बाल्कनी बंद केली, घराच्या मागच्या मोकळ्या सामासिक अंतरात शौचालय उभारलं, गच्चीवर नवी न्हाणी बांधली, शहराच्या गटाराला नवा जोड घेतला, तर परवानगी हवीच. परवानगीविना विकासकाम केल्यास १९६६च्या कायद्याच्या ५२व्या कलमात एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. आणि न्हाणीघराची जागाच हलवायची असेल, तर खाली कोण राहतं ते आधी पाहावं. शौचालय दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर किंवा झोपायच्या खोलीवर येऊ नये, येणारच असेल तर जमीन पूर्ण जलरोधक हवी, हे तत्त्व राष्ट्रीय इमारत संहितेतही आहे. याच संहितेनं न्हाणीघर किमान १.८ चौरस मीटर आणि न्हाणी-शौचालय एकत्र असल्यास २.८ चौरस मीटर असावं असंही सुचवलं आहे. आजीला आधार देत एका माणसानं सोबत आत जायचं, तर ही मापं चैनीची नाहीत.

भिंतींबद्दल तर कुणी हयगय करूच नये. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईच्या घाटकोपरमध्ये सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. ते काम न्हाणीघरापुरतं नव्हतं हे खरं. पण नगरच्या माळीवाडा, झेंडीगेट परिसरातल्या जुन्या घरांत खांबच नसतात. दगड-विटांच्या भिंतीच सगळा भार पेलतात. कित्येक घरांत भिंत मातीत रचलेली आणि वर माळवद. अशा भिंतीत नळ लपवण्यासाठी आडवी झिरी मारली आणि आत पाइपचा सांधा झिरपू लागला, तर आतली माती हळूहळू विरघळते. भिंत बाहेरून नव्या टाइल्सनी चकाचक दिसते आणि आतून पोकळ होत जाते. जुन्या घरात नळ भिंतीवरून उघडे न्यावेत. थोडे ओबडधोबड दिसतील, पण गळती त्याच दिवशी कळेल.

ग्रामीण भागाचं दुखणं वेगळं आहे. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडे घराच्या बांधकामासाठी ग्रामपंचायतीकडे जायचं असतं. १९५८च्या ग्रामपंचायत कायद्याच्या ५२व्या कलमात तशी तरतूद आहे. पण तिथं न्हाणीघराचा प्रश्न फरशीपाशी थांबत नाही, तो शोषखड्डा आणि सेप्टिक टाकीपर्यंत जातो. पूर्वी अंगणातल्या न्हाणीचं पाणी केळीला जायचं. आता घरात शौचालय आलं, ते आवश्यकच होतं, आणि त्यासोबत टाकी आली. टाकी पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि शक्यतो राहत्या घरापासून सहा मीटर दूर हवी, तिची रुंदी ७५ सेंटिमीटरपेक्षा आणि पाण्याखालची खोली एक मीटरपेक्षा कमी नको, असं मानक सांगतं. गावठाणातल्या दोन गुंठ्यांच्या जागेत हे गणित बसवणं अवघड आहे, हे मान्य. पण विंधनविहीर आणि टाकी एकाच अंगणात दहा पावलांवर असतील, तर दुष्काळी पट्ट्यातल्या त्या कुटुंबाचं पाणीच धोक्यात येतं. ज्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पाण्याचा ताळेबंद मांडून देशाला धडा दिला, त्या जिल्ह्यात टाकीची जागा ग्रामपंचायतीनं प्रत्यक्ष पाहून ठरवून द्यावी, एवढी अपेक्षा जास्त नाही.

शिवाय या टाकीत कधीतरी कुणाला उतरवलं जातं. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा ठरवलं आहे. टाकीवर झाकण ठेवायलाच विसरून वर फरशी टाकणारी घरं आहेत. मग ती तुंबल्यावर पहार घेऊन कुणीतरी गरीब माणूस बोलावला जातो. न्हाणीघर नव्यानं करताना मैला उपसणाऱ्या गाडीचा पाइप पोहोचेल असं उघडता येणारं झाकण ठेवणं, हा त्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

परवानगीची व्यवस्था लोकांनी टाळावी अशी का झाली, याचा विचार सरकारी बाजूनंही व्हायला हवा. परवानगीच्या प्रस्तावावर ६० दिवसांत उत्तर आलं नाही, तर नियमांत बसणाऱ्या कामाला परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद कायद्यात आहे. पण गुडघेदुखीनं बेजार आई साठ दिवस शेजाऱ्यांच्या कमोडवर कशी काढणार? नव्या नियमावलीनं १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या कमी जोखमीच्या घरांसाठी कागदपत्रं सादर करून, शुल्क भरून काम सुरू करण्याची सोपी वाट काढली. अख्ख्या घराला जी सवलत दिली, ती घराच्या मागे टेकलेल्या एका शौचालयाला, गटाराच्या एका जोडाला का नसावी?

महापालिकेनं सावेडी, माळीवाडा, झेंडीगेट आणि बुरुडगावच्या प्रभाग कार्यालयांत मोठ्या मराठी अक्षरांत एक फलक लावावा. वर: या कामांना परवानगी नको. खाली: ही कामं करण्याआधी अर्ज करा. त्याच्याशेजारी परवानाधारक प्लंबरांची नावं आणि फोडलेला राडारोडा कुठं टाकायचा त्याचा पत्ता. आज गोण्या रात्री सीना नदीच्या काठावर रिकाम्या होतात, कारण दुसरी जागा कुणाला ठाऊक नसते. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याची चौकट हाताशी आहे. गटाराच्या जोडाच्या अर्जाला सात दिवसांची मुदत घालून देणं प्रशासनाला अवघड नाही.

आणि एक कागद घरमालकानं स्वतः करावा. जुना कोबा निघाला, नवे पाइप जागेवर बसले, पण फरशी अजून पडलेली नाही, अशी एक दुपार प्रत्येक कामात येते. तेव्हा मोजपट्टी पाइपांशेजारी ठेवून चारही भिंतींचे आणि जमिनीचे फोटो काढावेत, गरम पाण्याची नळी कुठून गेली, ट्रॅप भिंतीपासून किती इंचांवर आहे, हे एका कागदावर काढून त्यावर प्लंबरचं नाव आणि तारीख घालावी. एक प्रत सोसायटीच्या फायलीत, एक खालच्या शेजाऱ्याकडे, एक घरच्या कपाटात. पुढच्या वेळी कुठं ओल दिसली, तर ब्रेकर सगळ्या न्हाणीघरात फिरणार नाही, एकच टाइल निघेल.