यंत्र आणि संसार : हरवलेले चाळीस घोडे

नागपूरच्या धरमपेठेतून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. घर एकत्र, आणि खर्चाची वही त्यांच्या हाती. पुतण्याने सेकंडहँड ‘फोक्सवॅगन पोलो जी. टी. टी. एस. आय.’ घेतली असून ती अधिक चपळ करण्यासाठी तो समाईक रकमेतून ६०,००० रुपये मागत आहे. थोरल्या दिरांच्या मते हा निव्वळ उनाडपणा. पुतण्याचे म्हणणे असे की काटोल-वरूडच्या बाजूस संत्र्यांचे ट्रक ओलांडताना गाडीत दम असणे हीच खरी सुरक्षितता. कोणाचे खरे, आणि पैसे द्यावयाचेच झाल्यास ते कशावर खर्चावे, असे भगिनींनी विचारिले आहे.

पुतण्याचा मुद्दा सहज उडवून लावण्यासारखा नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते आणि समोरून येणारीही तितकेच कापते. म्हणजे दुपदरी रस्त्याच्या उजव्या बाजूस घालविलेला प्रत्येक सेकंद दोन्ही वाहनांतील अंतर ४४ मीटरांनी खातो. ओलांडण्याचा काळ दोन सेकंदांनी घटला, तर घरचा मुलगा आणि समोरचे वाहन यांच्यामध्ये जवळजवळ ९० मीटरांची मोकळी जागा अधिक राहील. तेव्हा मोटारवाले ज्यास ‘पिकअप’ आणि शाळेची पुस्तके ‘त्वरण’ म्हणतात, तो गुण केवळ शर्यतबाजांच्या चैनीचा आहे असे समजू नये.

आता या गाडीविषयी. काटेकोर अर्थाने ही स्पोर्ट्स कार नव्हे. ती पाच जणांची घरगुती गाडी आहे. परंतु २००९ पासून २०२२ पर्यंत पुण्याजवळच्या चाकण येथे बनलेल्या पोलो गाड्यांपैकी या प्रकारास तरुण मंडळी त्याच मानाने वागवितात. इंजिन अवघे १.२ लिटरचे, पण टर्बोच्या साहाय्याने ते १०५ अश्वशक्ती देते, आणि जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ९.७ सेकंदांत येतो असा कंपनीचा दावा होता.

येथे थोडा हिशेब करू. गाडीचे वजन सुमारे ११०० किलो, चालकाचे ८० किलो धरू. एवढ्या वस्तुमानास तो वेग देण्यास लागणारी ऊर्जा ९.७ सेकंदांवर वाटली, तर सरासरी फक्त ६४ अश्वशक्ती भरते. विकत घेतले १०५ घोडे. प्रत्यक्ष गाडी ओढावयास लागले ६४. उरलेले चाळीस कोठे गेले? काही गिअरपेटीच्या घर्षणात, काही वारा कापण्यात, काही चाके गरगर फिरविण्यात. आणि पुष्कळसे तर इंजिन आपल्या पूर्ण फेऱ्यांवर पोहोचेपर्यंतच्या वाट पाहण्यात. यांतील मोठा भाग अपरिहार्य आहे. तरीही वहीत ४० रुपयांचा हिशेब लागत नसता नवे २० रुपये कर्जाने आणणारा कारभारी आपण शहाणा म्हणणार नाही. पुतण्याने दिलेल्या यादीत मात्र सारे काही नवे घोडे आणण्याचेच आहे.

पहिली गळती वजनाची, आणि ती बुजविण्यास एक पैसाही लागत नाही. एकत्र कुटुंबाच्या गाडीची डिकी म्हणजे फिरते माळघर असते: पाण्याचा कॅन, सतरंजी, गेल्या हंगामातली संत्र्यांची रिकामी खोकी, कोणाकडे तरी पोहोचवावयाचे राहून गेलेले गव्हाचे पोते. यांतून ५० किलो उतरविले तर एकूण वजनाचा चार टक्क्यांहून अधिक भाग गेला, आणि वेग घेण्याचा काळही साधारण त्याच प्रमाणात घटला. ४५ लिटरची टाकी पूर्ण भरली की त्या पेट्रोलचेच वजन ३३ किलोंच्या घरात जाते. गावातल्या गावात निम्मी टाकी पुरते. जादा चाक आणि जॅक मात्र उतरवू नयेत. विदर्भात रस्ते लांब आहेत आणि पंक्चर काढणारा हवा तेव्हा भेटत नाही.

फिरणारे वजन दुप्पट जड, ही गोष्ट आमच्याकडील शंकरपटवाल्यांस पदार्थविज्ञान न शिकता ठाऊक आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने थांबलेले, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त पुन्हा सुरू झालेले आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ज्यांचा कायदा ग्राह्य धरिला ते पट ज्यांनी तळेगाव दशासरला पाहिले असतील, त्यांस पटाचा छकडा आठवेल. शेतातल्या गाडीची जाड लोखंडी धाव त्यास शोभणार नाही. सारी करामत हलकेपणाची. चाकाच्या कडेवरचा एक किलो पुढेही जातो आणि फिरतोही. म्हणून त्यास वेग देण्यास जवळजवळ दोन किलोंइतके बळ लागते. यास्तव पुतण्याच्या यादीतील ‘मोठी सतरा इंची चाके’ या कलमावर भगिनींनी निःशंक काट मारावी. मोठे चाक बहुधा जडही असते. गाडी दिसावयास रुबाबदार होते आणि पळावयास मंद.

परंतु टायर नवे हवे असतील तर पैसे द्यावेत. इंजिनाची सर्व कर्तबगारी तळहाताएवढ्या ठिपक्यांतून रस्त्यावर उतरते. टायरच्या बाजूस कोरलेले चार आकडे वाचावे: ‘२३१९’ असल्यास तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला. नागपूरच्या उन्हात रबर लवकर कडक होते. नक्षी शाबूत दिसली तरी पकड गेलेली असते. हवा सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी तपासावी. तापलेल्या टायरमधली हवा ‘जास्त भरते’ म्हणून सोडून देणे चुकीचे. चार चांगल्या टायरांस मागितलेल्या रकमेतील निम्मा वाटा लागला तरी तो सत्कारणी लागला असे आम्ही म्हणू.

आता या शहराचे जे खास दुखणे, त्याकडे येतो. इंजिन पेट्रोल पिते तशी हवाही पिते, आणि हवा तापली की विरळ होते. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते. टर्बो ही तूट काही अंशी भरून काढतो, परंतु हवा दाबली की ती आणखी तापते, आणि गाडीतील कूलर तिला बाहेरच्या उन्हापेक्षा थंड करू शकत नाही. अतितप्त मिश्रण वेळेपूर्वीच पेटून इंजिनात ठोके बसू नयेत म्हणून गाडीचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो, आणि शक्ती घटते. डिसेंबरातल्या सकाळी तरतरीत वाटणारी गाडी मे महिन्याच्या दुपारी वर्धा रोडवर मरगळते, ती यामुळेच.

हे ध्यानी घेता, पुतण्या मागतो ते उघडे, शंकूच्या आकाराचे एअर फिल्टर म्हणजे उफराटा व्यवहार आहे. कारखान्याची नळी बहुधा पुढच्या जाळीपाशी बाहेरची हवा घेते. उघडे फिल्टर बॉनेटच्या पोटातली हवा ओढते, आणि ती सहज ६० अंशांच्या वर असते. आवाज मात्र वाढतो, आणि आवाज वाढला की वेग वाढला असे चालविणाऱ्यास वाटते. त्यापेक्षा मूळचे फिल्टर आणि स्पार्क प्लग बदलावे, रेडिएटरची धूळ काढावी, आणि इंजिनातील पाणी-शीतकाचे मिश्रण योग्य प्रमाणात आहे हे पाहावे. हा खर्च काही हजारांचा. अधिक ऑक्टेनचे पेट्रोल उन्हाळ्यात उपयोगी पडते. थंडीत त्याचा लाभ थोडाच.

राहिले यादीतील सर्वांत मोठे कलम: संगणकाची मांडणी बदलणे, ज्यास ‘रीमॅप’ म्हणतात. त्याने फरक पडतो, आणि खर्चाच्या मानाने इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पूर्वी फियाट गाड्यांचे सिलिंडर-हेड घासून दाब वाढविणारे कारागीर आठवडाभर खपत. येथे काम काही तासांचे. पण ही वाढीव शक्ती येते कोठून? एकच गाडी निरनिराळ्या हवामानात आणि कमीअधिक प्रतीच्या पेट्रोलवर चालावी म्हणून कारखाना काही क्षमता शिलकीत ठेवितो. रीमॅप ती शिल्लक खर्चतो. थंड प्रदेशातल्या मालकास ते परवडते. नागपुरात ती शिल्लक उन्हाळाच दरवर्षी वापरीत असतो. शिवाय या गाडीची गिअरपेटी कोरड्या क्लचची असून २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या बळासाठी आखलेली आहे. इंजिनाचे मूळ बळ १७५. गाडी जुनी, पहिल्या मालकाने क्लच कसा वापरला ते ठाऊक नाही, अशा स्थितीत क्लचची तपासणी झाल्यावाचून ही गोष्ट करूच नये.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलास प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, वा दोन्ही, अशी तरतूद झाली. विमा कंपनीस न कळविता केलेला बदल अपघातानंतर भरपाईच्या आड येऊ शकतो. विम्याचा करार घरातील ज्यांच्या नावे असेल त्यांनी हे वाचून घ्यावे. भोगावे त्यांस लागेल.

ट्रक ओलांडताना हवे असलेले ते दोन सेकंद पुष्कळदा गाडीत नसून पायात असतात. या स्वयंचलित गिअरपेटीस ॲक्सिलरेटर अकस्मात दाबल्यावर गिअर उतरविण्यास, आणि टर्बोस दाब भरण्यास, अवधी लागतो. उजवीकडे येण्यापूर्वीच ‘एस’ स्थितीत किंवा हाताने खालच्या गिअरमध्ये गाडी आणावी, म्हणजे ही प्रतीक्षा समोरचा रस्ता मोकळा असतानाच संपते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. ते दोन वर्षांनी बदलावे आणि चकत्या तपासाव्या. वाढविलेला वेग उतरविण्याची सोय आधी झाली, मगच दिरांच्या हरकतीचा विचार करता येईल.

झालेला फरक मोजावा कसा, हे पुतण्या विचारीलच. लोणावळ्याजवळील आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाच्या शर्यतींत पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरांचा, काळ घेतला गेला आहे. अशा बंदिस्त जागी हौस पुरवावी. समृद्धी महामार्ग यासाठी नाही, त्यावर मोटारींस ताशी १२० ची मर्यादा आहे. घरच्या कामापुरते, मोकळ्या सपाट रस्त्यावर शेजारी दुसरा मनुष्य बसवून ताशी ४० ते ८० चा काळ दोन्ही दिशांनी त्याच्याकडून घ्यावा आणि सरासरी काढावी. आधीचे आणि नंतरचे मोजमाप एकाच तापमानास, शक्यतो एकाच आठवड्यातल्या पहाटे करावे; मे महिन्यात मोजून, डिसेंबरात पुन्हा मोजले, तर थंडीने दिलेले घोडे गॅरेजवाला आपल्या बिलात धरील.