नोकरी सुटली, बेडी सुटली नाही!

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ५ सप्टेंबर २०२५ रोजी तीन विरुद्ध एक अशा मतांनी एक ठराव केला. त्या ठरावाने कोठे गिरणी बंद पडली नाही, की बाजारात घबराट उडाली नाही. परंतु सुमारे तीन कोटी नोकरदारांच्या मानेवरून उतरू पाहणारे जोखड त्या एका ठरावाने पुन्हा जागच्या जागी बसविले. स्वतःच केलेला नियम न्यायालयात राखण्याची लढाई कमिशनने अर्ध्यावर सोडून दिली!

हा नियम होता तरी काय? नोकरी सोडल्यावर अमुक काळ प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणार नाही आणि स्वतःचा तसा धंदाही काढणार नाही, असे नोकराकडून लिहून घेण्याची रीत अमेरिकेत रूढ आहे. या स्पर्धाबंदीच्या अटीने तेथील दर पाच नोकरदारांपैकी एक बांधला गेला आहे, असा कमिशनचाच अंदाज आहे. म्हणून २३ एप्रिल २०२४ रोजी कमिशनने तीन विरुद्ध दोन मतांनी असे करार देशभर निषिद्ध ठरविले. त्यामुळे नोकरदाराची मिळकत वर्षाला सरासरी ५२४ डॉलरनी वाढेल आणि दरसाल साडेआठ हजारांवर नवे उद्योग अधिक निघतील, असा हिशेबही मांडला.

ही अट मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्यांपुरतीच असेल, असा कोणाचा समज असल्यास तो त्याने सोडून द्यावा. जिमी जॉन्स या सँडविच विकणाऱ्या साखळीतील कामगारांकडूनही, नोकरी सुटल्यावर दोन वर्षे जवळपासच्या दुसऱ्या सँडविचच्या दुकानात राबणार नाही, अशी हमी लिहून घेतली जात होती. २०१६ साली न्यूयॉर्क व इलिनॉय राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी हात घातला, तेव्हा कोठे हा प्रकार थांबला. पावात भाजी भरण्यात असे कोणते व्यापारी गुपित दडले होते? गुपित एकच होते : जाण्याची वाट बंद असलेला माणूस पगारवाढ मागत नाही.

नियम अमलात यावयाचा होता ४ सप्टेंबर २०२४ रोजी. त्यापूर्वीच, २० ऑगस्टला, टेक्ससमधील संघीय न्यायालयाने तो रद्दबातल केला. इतका व्यापक नियम करण्याचा अधिकार संसदेने कमिशनला दिलेलाच नाही, असे त्या न्यायालयाचे म्हणणे. त्याच वर्षी २८ जूनला सर्वोच्च न्यायालयाने १९८४ चा ‘शेव्हरॉन’ निर्णय मोडीत काढला होता आणि संदिग्ध कायद्याचा अर्थ लावणे हे सरकारी खात्यांचे नव्हे, न्यायालयांचे काम आहे, असे बजावले होते. वारे कोणत्या दिशेने वाहत आहे, हे उघडच होते.

न्यायालयाच्या तत्त्वाशी आमचे भांडण नाही. कायदा लोकप्रतिनिधींनी करावा, नेमलेल्या अधिकाऱ्यांनी नव्हे, हे लोकशाहीचे सूत्र आम्हांसही मान्य आहे. पण मग ज्यांनी कायदा करावयाचा, त्या अमेरिकन संसदेने तो का करू नये? कमिशन आता म्हणते की, एकेका मालकाविरुद्ध स्वतंत्र कारवाई करू. ठरावाच्या आदल्याच दिवशी पाळीव प्राण्यांचे दहन करणाऱ्या एका कंपनीविरुद्ध तशी कारवाई झाली. तिच्या सुमारे १,८०० नोकरांना त्याचा लाभ. स्तुत्य आहे! परंतु या गतीने तीन कोटी माणसे सोडवावयाची, तर असे सोळा हजारांहून अधिक खटले चालवावे लागतील. तोवर बांधलेल्या माणसाने काय करावे? मालकाला वकील परवडतो. सँडविच विकणाऱ्या पोराला परवडत नाही. अट न्यायालयात टिकणार नसली, तरी तिचे भय टिकते आणि मालकाला तेवढेच पुरते.

मालकवर्ग म्हणतो, आमची गुपिते चोरीस जातील, प्रशिक्षणाचा खर्च वाया जाईल. गुपिते राखण्यासाठी अमेरिकेत २०१६ पासून संघीय कायदा आहे. चोराला त्याखाली अवश्य खेचावे. पण चोरीच्या संशयावरून प्रत्येकाला जखडणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. आणि माणूस मोकळा असला म्हणजे उद्योग बुडतो काय? १९५७ साली कॅलिफोर्नियात आठ तंत्रज्ञ शॉक्लींची प्रयोगशाळा सोडून गेले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली. त्यांतीलच नॉइस व मूर यांनी १९६८ साली इंटेल काढली. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात स्पर्धाबंदीला १८७२ पासून थारा नाही. मुक्त स्पर्धेचा जयघोष करणाऱ्यांनी स्पर्धा फक्त नोकरालाच वर्ज्य का करावी, याचे उत्तर द्यावे.

आज तेथे राज्याराज्यांत वेगळा न्याय आहे. मिनेसोटाने १ जुलै २०२३ पासून ही अट बंद केली. फ्लोरिडाने २०२५ साली मोठ्या पगाराच्या नोकरांना चार वर्षांपर्यंत बांधण्याची मुभा दिली. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने २०२३ साली बंदीचे विधेयक संमत केले. राज्यपालांनी ते नाकारले.

येथे इतिहासाची एक थट्टा सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम धंद्यास प्रतिबंध करणारा करार शून्य ठरविते. हे कलम न्यूयॉर्कसाठी डेव्हिड डडली फील्ड यांनी रचलेल्या मसुद्यावरून घेतलेले आहे. न्यूयॉर्कने त्यांचा तो नागरी कायदा कधीच स्वीकारला नाही. कॅलिफोर्नियाने आणि हिंदुस्थानने तो विचार उचलला. दीडशे वर्षांपूर्वी जे परसात उगवले, ते अमेरिका आज आठवू लागली आहे!

मात्र यावरून आपण मिशांना पीळ भरण्याचे कारण नाही. आमचे कलम नोकरी सुटल्यानंतरच्या बंधनापासून राखते. नोकरी चालू असतानाच्या बंधनापासून नव्हे. तीन वर्षे नोकरी न करता जाणाऱ्याने दोन लाख रुपये भरावेत, ही एका सरकारी बँकेची अट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली वैध ठरविली. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या कचेऱ्यांतून अमेरिकन कंपन्यांसाठी राबणाऱ्या आमच्या तरुणांनी सही करण्यापूर्वी कागद वाचावा आणि २७ वे कलम ध्यानात ठेवावे, हे बरे.

अमेरिकन संसदेला आमचे सांगणे एवढेच : धंदा विकणाऱ्याने विकत घेणाऱ्याशी स्पर्धा करू नये, हे न्याय्य आहे, कारण त्याने त्याची किंमत घेतलेली असते. नोकर मात्र आपले श्रम विकतो, आपले उद्याचे दिवस विकत नाही. हा भेद एका कलमात लिहिता येतो. १८७२ साली तो लिहिलाही गेला. जे कमिशनला करता आले नाही, ते संसदेने करावे. नाही तर राजीनामा देऊनही मालकाच्याच हुकमतीत राहणाऱ्या माणसाला स्वतंत्र देशाचा स्वतंत्र नागरिक कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?