मनाने वाईट नाही हो तो

बिशानमधल्या एका एचडीबी फ्लॅटमध्ये शनिवारी रात्री जेवायला बसलो होतो. मैत्रीण, सांगलीहून तीन महिन्यांसाठी लेकीकडे आलेले तिचे वडील, तिचा पंधरा वर्षांचा मुलगा आणि मी. २०२५ चा ऑगस्ट होता. 'डीमन स्लेअर'चा 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा नुकताच लागला होता आणि मुलगा तो त्याच दुपारी दुसऱ्यांदा बघून आला होता. अकाझा नावाच्या राक्षसाबद्दल तो इतक्या तळमळीने बोलत होता, की वरण निवून गेलं तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"मावशी, तो व्हिलन नाहीये. त्याची बॅकस्टोरी बघ ना!"

आजोबा म्हणाले, "अरे, माणसं मारतो ना तो? मग राक्षस तो राक्षस. कार्टून बघून डोकी फिरलीत तुमची."

पंधरा-वीस मिनिटांनी विषय कुठून तरी महाभारतावर आला. मी सहज म्हटलं, की कर्ण मला फारसा आवडत नाही. काकांनी हातातला घास खाली ठेवला. "कर्णाची काय चूक होती? जन्मताच आईने टाकलं. जन्मभर सूतपुत्र म्हणून हिणवलं. ज्याने मान दिला त्याच्याशी तो इमानाने राहिला. तू 'मृत्युंजय' वाचलंयस का?"

नातू माझ्याकडे बघून हसला. "आजोबा, हे तर सेम टू सेम!"

खरोखरच सेम टू सेम होतं. तेव्हापासून मला या दोघांशीही भांडायचं आहे. जेवताना नीट भांडता आलं नाही, म्हणून इथे भांडते.

आधी आजोबांशी. अॅनिमेचे चाहते ग्रे शेडच्या पात्रांवर जीव टाकतात, याला 'हल्लीच्या मुलांचं खूळ' म्हणायचा अधिकार मराठी वाचकाला नाही. 'मृत्युंजय' १९६७ साली आली. त्यानंतर रणजित देसाईंची 'राधेय' आली. घराघरात या कादंबऱ्या वाचून लोक रडले आणि आपल्या दोन-तीन पिढ्यांनी कर्णाची वकिली केली. जपानी भाषेत तर या ओढीला खास शब्दच आहे, 'होगान-बिइकी'. बाराव्या शतकातल्या योशित्सुने या सेनानीने भावासाठी लढाया जिंकल्या आणि मग त्याच भावाने त्याची पाठ धरली. ११८९ साली त्याचा अंत झाला. अन्याय होऊन हरलेल्या माणसाची बाजू घेण्याला त्याच्या पदावरून हे नाव पडलं. म्हणजे ही ओढ जुनी आहे, दोन्हीकडची आहे, आणि तिच्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उलट ही मुलं आपल्यापेक्षा बारकाईने वाचतात. कुठल्या भागात कोण काय म्हणालं हे त्यांना तोंडपाठ असतं. मूळ महाभारताचं एक पर्वही न उघडता कर्णावर तासभर बोलणारे आपल्यात कितीतरी आहेत.

आता नातवाशी, आणि खरं तर दोघांशी.

अकाझाची गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हाकुजी नावाचा गरीब मुलगा आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करतो. आपल्यापायी पोराची ही गत झाली म्हणून बाप गळफास घेतो. पुढे एक गुरू त्याला आसरा देतो. गुरूच्या आजारी मुलीची हाकुजी सेवा करतो आणि दोघांचं लग्न ठरतं. हाकुजी घरात नसताना शेजारच्या आखाड्यातले लोक विहिरीत विष कालवतात. गुरू आणि मुलगी, दोघंही मरतात. हाकुजी त्या आखाड्यातल्या ६७ जणांना नुसत्या हातांनी ठार करतो आणि मग राक्षस होतो, अकाझा होतो. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं तो माणसं मारतो. २०२० च्या 'मुगेन ट्रेन' या सिनेमात रेंगोकू या तरुण योद्ध्याला मारणारा हाच.

ही गोष्ट बघून डोळ्यांत पाणी येतंच. मीही रडले. पण चाहते रडून थांबत नाहीत, ते निकाल देतात. "त्याच्यावर काय काय बेतलं ते बघा, म्हणजे तो असा का झाला ते कळेल" या वाक्याचं बघता बघता "म्हणजे त्याचा दोष नाही" होतं. मग जमेच्या बाजू मोजल्या जातात. अकाझा बायकांना मारून खात नाही. कर्णाने कवचकुंडलं दान केली. 'नारुतो'मधल्या इताचीने आपलं अख्खं कुळ कापलं, पण धाकट्या भावाला जिवंत ठेवलं. असा जमाखर्च मांडून शेवटी शिल्लक नेहमी नायकाच्याच खात्यावर निघते.

"ग्रे" पात्रांचं मला वावडं नाही. माझा राग ग्रे रंग धुऊन पांढरा करण्यावर आहे. काळं आणि पांढरं मिसळलं की करडा रंग होतो. त्यातलं काळं तुम्ही काढून टाकलंत तर मग करडं काय उरलं? "तुम्हाला सगळं काळं-पांढरंच दिसतं" असं म्हणणारा चाहता बऱ्याचदा स्वतःच एक पात्र संपूर्ण पांढरं करून बसलेला असतो.

आणि बॅकस्टोरी नीट वाचली तर ती आरोपीच्या बाजूने साक्ष देते असं थोडंच आहे? कर्णाचंच बघू. भर रंगमंडपात कृपाचार्य त्याला कुळ विचारतात आणि भीम टोमणे मारतो. तो अपमान खरा आहे, अन्याय्य आहे, आणि जन्मावरून माणूस हिणवला जाणं म्हणजे काय हे आपल्या समाजाला कुणी वेगळं सांगायची गरज नाही. कर्णावर आपला जीव जडतो तो याचसाठी, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळेच द्यूतसभेतला कर्ण जास्त टोचतो. भरल्या सभेत चारित्र्यावर शिंतोडे उडवून घेणाऱ्या द्रौपदीला काय वाटत असेल, हे त्या दालनात कुणाला कळायला हवं होतं? कर्णालाच ना! आणि तोच तिला पाच नवरे आहेत म्हणून वेश्येच्या पंगतीला बसवतो. पांडवांची आणि तिची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला तोच सांगतो. अपमानाची चव ठाऊक असलेल्या माणसाने हे केलं. त्याच्या पूर्वायुष्याने त्याचा दोष हलका होत नाही, उलट वाढतो. हाकुजीचंही तसंच. आपण घरात नसताना आपलं माणूस मारलं जाणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"परिस्थितीच तशी होती" म्हणाल, तर त्याच सभेत विकर्ण होता. दुर्योधनाचा सख्खा भाऊ, त्याच घरातला, त्याच मिठाला जागणारा. हे चुकतंय, असं तो उभा राहून म्हणाला. त्याला झापून खाली बसवणाराही कर्णच. विकर्ण पुढे कौरवांकडूनच लढला आणि मेला, म्हणजे निष्ठा त्यानेही सोडली नाही. त्याच्या वाट्याला 'मृत्युंजय' आली नाही.

मग कुणी म्हणतं, द्रौपदीनेच स्वयंवरात "सूतपुत्राला वरणार नाही" म्हणून त्याचा अपमान केला होता. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने पुण्यात १९१९ ते १९६६ एवढी वर्षं खपून जी चिकित्सक आवृत्ती तयार केली, तिच्या मुख्य संहितेत हा प्रसंग नाही, तो मागाहून घुसलेला आहे. आणि असता तरी काय? नकाराची परतफेड वस्त्रहरणाने होते का? पण तो प्रसंग आपल्याला हवासा वाटतो, कारण त्यामुळे द्रौपदीकडेही थोडा दोष ढकलता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण ज्यांची वकिली करतो, त्या पात्रांनी स्वतः अशी वकिली केलेली नाही. उद्योगपर्वात कृष्णाशी बोलताना कर्ण म्हणतो, की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना मी जे कडवट बोललो त्याचा मला आज पश्चात्ताप होतो. आईने टाकलं होतं म्हणून बोललो, असं तो म्हणत नाही. (त्या कबुलीतही पांडव आहेत, द्रौपदीचं नाव नाही, हे जाता जाता नोंदवते.) इताची शेवटी धाकट्या भावाला सांगतो, की मी चुकलो, तू मला क्षमा नाही केलीस तरी चालेल. अकाझाला सगळं आठवतं तेव्हा तो आपला बचाव मांडत बसत नाही. आपल्याला नक्की कोण नकोसं झालं होतं हे त्याला उमगतं आणि तो स्वतःलाच संपवतो. या माणसांनी स्वतःला न दिलेली माफी आपण परस्पर वाटत फिरतो. आणि तीही ज्यांचं नुकसान झालं त्यांना न विचारता!

ते नुकसान झालेले लोक कुठे असतात? 'मृत्युंजय'मध्ये कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण, सगळे आपापल्या तोंडून बोलतात. द्रौपदीला स्वतःचा भाग नाही. लेखकाला कुणाच्या तोंडून सांगायचं ते ठरवायचा हक्क आहेच. पण ती गैरहजर आहे हे वाचकाच्या तरी लक्षात यायला हवं. त्याच १९६७ साली इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' आलं. तिथे कर्णाकडे डोळ्यांत पाणी न आणता बघितलंय आणि द्रौपदीला पूर्ण प्रकरण आहे. साहित्य अकादमी मिळालं 'युगान्त'ला, पण मनात घर केलं 'मृत्युंजय'ने.

ज्या अॅनिमेंच्या नावाने ही वकिली चालते, त्यांनी मात्र हे भान ठेवलंय. 'अटॅक ऑन टायटन'मध्ये गाबी नावाची मुलगी आहे. शत्रूची भूमी पापी आहे असं शिकवूनच तिला सैन्यात वाढवलेलं. तिथली काया नावाची मुलगी तिला विचारते, की माझ्या आईला जिवंत खाल्लं गेलं, तिने काय केलं होतं? गाबी पूर्वजांची पापं सांगते. काया तोच प्रश्न पुन्हा विचारते, माझ्या आईने काय केलं होतं? गाबीला उत्तर देता येत नाही. द्रौपदीनेही सभेला प्रश्नच विचारला होता, आणि सभेलाही उत्तर देता आलं नाही. 'डीमन स्लेअर'चा नायक तान्जिरो मरणाऱ्या राक्षसासाठी हळहळतो, त्याच्या कपड्यावर कुणी पाय दिलेलाही त्याला खपत नाही, पण तलवार तो थांबवत नाही. दया आणि न्याय दोन्ही एका माणसात मावतात, हे तो पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा दाखवतो.

"मावशी, पण हे सगळं काल्पनिक आहे," असं मला त्या रात्री ऐकायला मिळालं. बरं, मग काल्पनिक नसलेलं सांगते.

माझ्या आत्याचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो. वडील नवव्या वर्षी गेले. नातेवाइकांकडे आश्रितासारखे वाढले, वार लावून जेवले, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. हे आमच्या घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. काकांनी ताट भिरकावलं की ते सांगितलं जायचं. आत्याच्या दंडावर वळ दिसले की सांगितलं जायचं. "मनाने वाईट नाही हो तो, फार सोसलंय त्याने." काका गेले तेव्हा तेराव्यालाही लोक तेच बोलत होते आणि आत्या आत चहा गाळत होती. तिचं लहानपण कसं गेलं, हे मला माहीत नव्हतं. कुणी कधी सांगितलंच नव्हतं, कारण तिने काही फेकलं नव्हतं. बॅकस्टोरी फक्त ताट फेकणाऱ्याला मिळते.

त्या शनिवारनंतर मी तिला फोन केला आणि पहिल्यांदाच विचारलं, "तुला कसं होतं गं तेव्हा?" तिने विषय बदलला. दोन दिवसांनी तिनेच फोन केला आणि बराच वेळ बोलली. काय बोलली ते लिहीत नाही, ते तिचं आहे. एवढंच सांगते, की काकांच्या बालपणाबद्दल ती म्हणाली, "ते मलाच सगळ्यात जास्त ठाऊक. रात्री मीच तर ऐकायची."

"का" हे शोधण्यावर माझं पोट चालतं. माणूस असा का झाला, हे विचारू नका असं मी मेले तरी म्हणणार नाही. विचारा, नीट विचारा, रडा. फक्त तिथे थांबू नका. अकाझावर जीव असेल तर रेंगोकूचा धाकटा भाऊ सेन्जुरो दारात झाडत उभा असतो, त्याचंही नाव लक्षात ठेवा. काका, तुम्ही 'मृत्युंजय' पुन्हा वाचा, पण सभापर्वाचं भाषांतर शेजारी ठेवून. आणि पुढच्या वेळी गणपतीत किंवा कुणाच्या लग्नात "मनाने वाईट नाही हो तो" असं तोंडावर आलं, तर बोलण्याआधी आत स्वयंपाकघरात कोण आहे ते बघून या.