शिकाऊ उमेदवाराला सोबती हवा

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला शिकाऊ उमेदवारांविषयीचा अधिनियम अस्तित्वात आला. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तथापि पानशेत खोऱ्याच्या वाट्याला दोन्ही आल्या. धरण पुन्हा उभे राहिले, काठची जमीन जलाशयाखाली गेली, आणि उरलेल्या भातखाचरांवर न भागणाऱ्या घरांतील मुले आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन धायरी-नऱ्ह्याच्या लघुउद्योगांत शिकाऊ म्हणून उभी राहू लागली.

तेथे असा मुलगा बहुधा एकटाच असतो. कायद्यातील करार एकेका उमेदवाराशी होतो. ३० वा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनेने २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असे २०१९ च्या नियमांचे बंधन आहे. म्हणजे ४० माणसांच्या कारखान्याचे किमान कर्तव्य एका मुलात फिटते! हा मुलगा झाडू मारतो, चहा आणतो, मिस्त्रीच्या हाताकडे लांबून पाहतो. न समजलेले विचारावे, तर मिस्त्रीची भीड. कित्येकांचा धीर इथेच खचतो.

सोबत्याला विचारताना ही भीड नसते. तिघेचौघे मिळून लोखंडी फाटक करू लागले, की एक खुणा करतो, दुसरा गुण्या धरतो, तिसरा वेल्डिंगचे टाके मारतो. कोन चुकला तर फाटक सर्वांच्या डोळ्यांदेखत वाकडे होते आणि चूक कोठे झाली याचा वाद सुरू होतो. त्या वादातच विद्या आहे. काल आलेल्याला आज समजावून सांगताना परवा आलेल्याचेही शिकणे पक्के होते.

पुणे जिल्ह्यातच याचा वस्तुपाठ आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधील नोकरी सोडून १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम उभारला. पुस्तकात न रमणारी ग्रामीण मुले तेथे गावाला लागणारी खरी कामे करत शिकली. काम खरे असल्याने चुकीला किंमत होती. २००३ मध्ये कलबाग गेले; आश्रम चालू आहे.

अर्थात, मुले एकत्र बसवली म्हणजे झाले, असे नाही. हुशार मुलगा सगळे काम ओढतो आणि उरलेले पक्कड धरून उभे राहतात, हा नेहमीचा अनुभव. कामाची पाळी सक्तीने बदलणारा जाणता कारागीर हवाच.

शेजारच्या चार लहान कारखान्यांनी आपापला एकेक उमेदवार आठवड्यातून एक दिवस एका छपराखाली, एका मिस्त्रीच्या हाताखाली आणावा. करार वेगळे राहोत. धायरीच्या उद्योजकांना यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही, आणि पानशेतच्या एसटीतून उतरणाऱ्या मुलाला पहिल्याच आठवड्यात विचारायला कोणीतरी मिळेल.