कॅमेऱ्याचं तोंड फिरवा

मंडळी, आज जरा भांडायच्या पवित्र्यात बसले आहे. शिकवायचं कसं हे शिक्षकांना पडद्यावर व्हिडिओ दाखवून शिकवता येतं, असा जो समज सध्या पसरला आहे, तो मला साफ अमान्य आहे. कुणी मला म्हातारी, जुनाट, खडूफळेवाली म्हणेल तर खुशाल म्हणू दे. पण आधी पूर्ण वाचा. मी मोबाइलच्या विरोधात लिहीत नाहीये. उलट त्या मोबाइलमधली एक सोय शिक्षकांच्या फार कामाची आहे आणि नेमकी तीच कुणी वापरत नाही, हे माझं म्हणणं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. केंद्र सरकारचं 'दीक्षा' हे व्यासपीठ 2017 साली सुरू झालं. ऑगस्ट 2019 मध्ये 'निष्ठा' हा शिक्षक प्रशिक्षणाचा कार्यक्रम आला. 42 लाख शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं, असं त्याचं उद्दिष्ट होतं. तेव्हा तो समोरासमोर बसून होता. मग 2020 साली कोरोना आला, शाळांना कुलपं लागली आणि त्या ऑक्टोबरपासून हाच कार्यक्रम 'दीक्षा'वर ऑनलाइन झाला. त्या वेळी दुसरा इलाजच नव्हता, त्याबद्दल मी कुणाला बोल लावणार नाही. पण आमच्या कोकणात ओढ्यावर साकव घालतात, तो पुढे पक्का पूल होईपर्यंतचा. इथे साकवालाच पूल म्हणायला लागले. त्यात 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 50 तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा घातली. अपेक्षा चांगलीच आहे. पण तास मोजायचे म्हटले की ते मोबाइलवर मोजणं सगळ्यात सोपं!

माझी भाची जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. तिसरी आणि चौथी तिच्याकडे, एकाच खोलीत. मागच्या दिवाळीत आमच्याकडे आली होती तेव्हा तिचा एक सक्तीचा कोर्स 'चालू' होता. म्हणजे मोबाइल मिक्सरला टेकवून उभा, आवाज बंद, आणि बाईसाहेब चकल्या तळतायत. मधूनच हात पुसून यायची आणि टिचकी मारून पुढचा व्हिडिओ लावायची. शेवटी प्रश्न आले. त्यांची उत्तरं कुणीतरी ग्रुपवर आधीच टाकून ठेवली होती. पाच मिनिटांत प्रमाणपत्र हजर. वर मला म्हणते, "आत्या, सगळे असंच करतात गं."

ही मुलगी कामचुकार मुळीच नाही. चकल्या संपल्यावर तिनेच विषय काढला. "चौथीची पोरं एकतृतीयांशापेक्षा एकचतुर्थांश मोठा म्हणतात, का तर तीनापेक्षा चार मोठे. भाकरी तोडून दाखवली की बरोबर सांगतात. वहीत लिहायला लावलं की पुन्हा तेच. माझं कुठे चुकतंय?"

केवढा मोलाचा प्रश्न! शिक्षकाच्या तोंडून असा प्रश्न निघाला की समजावं, प्रशिक्षणाला आता सुरुवात झाली. आणि कोर्स तिला काय विचारत होता? अपूर्णांक शिकवताना मूर्त वस्तू वापराव्यात का, होय की नाही. तिने 'होय'वर टिचकी मारली. बरोबर उत्तर, पैकीच्या पैकी गुण. भाकरी तर ती रोजच तोडत होती!

आता माझा मुख्य मुद्दा. शिकवण्यातल्या बऱ्याचशा चुका अज्ञानाने होत नाहीत. शिक्षकाला स्वतःचा तास दिसत नाही म्हणून त्या होतात. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून 1970 च्या दशकात एक साधी गोष्ट दाखवून दिली. शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट सरासरी एक सेकंद बघतो, बस्. मग स्वतःच उत्तर देतो, नाहीतर दुसऱ्याला उठवतो. हीच वाट तीन सेकंदांपर्यंत नेली तर मुलं मोठी उत्तरं देतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. आता तुम्ही कुठल्याही शिक्षकाला विचारा, "मुलांना विचार करायला वेळ द्यावा का?" शंभरातले शंभर 'होय' म्हणतील. आपण तो देत नाही हे मात्र आपला तास ऐकल्याशिवाय कुणालाच पटत नाही.

हे यंत्राने करता येतं हेही काही नवीन नाही. अमेरिकेतल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठात 1963 साली ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापनाची पद्धत काढली. चार-पाच मुलांसमोर छोटासा पाठ घ्यायचा, तो चित्रित करायचा, मार्गदर्शकाबरोबर बसून बघायचा आणि सुधारून पुन्हा घ्यायचा. पुढे ही पद्धत आपल्या बी.एड. महाविद्यालयांत आली, पण बहुतेक ठिकाणी कॅमेरा वाटेतच राहिला. तेव्हा तो महाग होता, समजू शकते. आज प्रत्येक शिक्षकाच्या खिशात कॅमेरा आहे. आणि आपण काय करतो? त्या मोबाइलवर दिल्ली-पुण्याचा तज्ज्ञ शिक्षकाला दाखवतो. अहो, कॅमेऱ्याचं तोंड फिरवा! शिक्षकाला त्याचा स्वतःचा तास बघू द्या.

भाचीला मी तेच करायला सांगितलं. मोबाइल मागच्या खिडकीत ठेव, दहा मिनिटं चालू ठेव, आणि रविवारी आपण दोघी बघू. बघितलं. ती म्हणत होती, "तुकडे जास्त झाले, म्हणजे तुकडा झाला...?" आणि सगळा वर्ग एका सुरात, "लहाऽऽन!" पुन्हा पुढचं वाक्य, पुन्हा एका सुरात शेवटचा शब्द. सगळा वर्ग तिची वाक्यं पुरी करत होता. एकाही मुलाने स्वतःचं एक वाक्य बोललेलं नव्हतं. ती बघता बघता गप्प झाली. मला काही सांगावंच लागलं नाही. आता ती पोरांना जोडीने बसवते, आपसात समजावून सांगायला लावते आणि आपण ऐकत फिरते. सगळी मुलं सुधारली असं नाही. पण कुणाचं कुठे अडलंय हे तिला आता कळतं.

यावर लोक म्हणतील, "आजी, देशात शिक्षक किती आहेत माहीत आहे का?" माहीत आहे. 2024-25 च्या सरकारी आकडेवारीत ही संख्या एक कोटीच्या वर गेली. एवढ्यांना तज्ज्ञ कुठून पुरवणार, म्हणून व्हिडिओ. पण मी तज्ज्ञ मागतच नाहीये. ज्याला वर्ग माहीत आहे असा एक शेजारी पुरतो. दूरदर्शनने शिकवण्याचा प्रयोग आपल्या देशाने 1975-76 साली उपग्रहाच्या मदतीने केला होता, सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत. 'साइट' म्हणत त्याला. त्यात प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचं प्रशिक्षणही दिलं गेलं. पण नुसता टीव्ही लावून ते मोकळे झाले नाहीत. जोडीला रेडिओ होता, छापील पुस्तिका होत्या, हाताने करायचे प्रयोग होते आणि मदतीला समोर माणूस होता. पन्नास वर्षांपूर्वी जे कळलं होतं ते आज का विसरावं?

दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासाबद्दलही वाचलं. मपुमलंगा प्रांतात प्राथमिक शिक्षकांच्या एका गटाकडे मार्गदर्शक वर्गात जाऊन बसत. दुसऱ्या गटाला टॅब्लेट दिले आणि मार्गदर्शक फोनवरून बोलत. तीन वर्षांनी पाहिलं तर वर्गात माणूस गेला त्या शाळांतल्या मुलांचं इंग्रजी बोलणं आणि वाचनही सुधारलं होतं. दुसऱ्या गटात बोलणं थोडं सुधारलं, वाचनात फरक नाही, आणि मातृभाषेतलं वाचन-लेखन उलट मागे पडलं. पडद्यावरचं स्वस्त, हे खरं. पण उपयोगच होणार नसेल तर ते स्वस्त कसं?

जुन्या समोरासमोरच्या प्रशिक्षणांची मी आरती ओवाळत नाहीये हं. सकाळी हजेरी, मग भाषण, चहा, पुन्हा भाषण, आणि चार वाजल्यापासून एस.टी.कडे डोळे. वरच्यांनी खालच्यांना शिकवायचं, त्यांनी आणखी खालच्यांना, आणि शाळेपर्यंत पोचेस्तोवर दुधाचं पाणी झालेलं. आजचे व्हिडिओ म्हणजे तेच भाषण, फक्त चहा नाही! आणि मुलांसाठी पडदा वाईट असंही मी म्हणत नाही. ग्रहण कसं लागतं, हृदयाच्या झडपा कशा उघडतात, हे फळ्यावर काढून माझे हात दुखले आहेत. ते पडद्यावर दाखवा, जरूर दाखवा.

मग करायचं काय? आपल्याकडे केंद्र पातळीवर दर महिन्याला शिक्षण परिषद असते. तिथला बराचसा वेळ परिपत्रकं आणि माहिती भरण्याच्या सूचनांत जातो, असं शिक्षक सांगतात. त्यातला फक्त एक तास द्या. एका शिक्षकाने आपल्या तासाची दहा मिनिटं आणावीत, चार-पाच जणांनी गोल बसून बघावीत. आधी त्याने बोलावं, मग इतरांनी. "छान घेतलात" हे वाक्य वर्ज्य!

अटी दोनच, पण त्या पाळल्याच पाहिजेत. चित्रण शिक्षकाच्या मालकीचं राहील आणि त्यातली मुलं त्या खोलीबाहेर कुणालाही दिसणार नाहीत. आणि त्यावरून कुणीही शेरा लिहिणार नाही, गुण देणार नाही. ज्या दिवशी वरून लिंक येईल की आपला पाठ चित्रित करून अमुक तारखेपर्यंत अपलोड करावा, त्या दिवशी हे सगळं बंद करावं. कारण त्या दिवसापासून शिक्षक खरा तास दाखवणार नाहीत. हुशार मुलं पुढे बसवून, आदल्या दिवशी तालीम घेऊन, नाटक दाखवतील. ते तरी बिचारे काय करणार!

असो. वाचणाऱ्यांत शिक्षक पुष्कळ आहेत, आमच्या घरातलेच चार निघतील. तुम्हाला परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही. या आठवड्यात एक तास चित्रित करा, एकट्याने बघा आणि दोनच गोष्टी मोजा. प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती सेकंद थांबलात, आणि किती मुलं स्वतःचं पूर्ण वाक्य बोलली. आकडे मला कळवले नाहीत तरी चालेल. शेजारच्या वर्गातल्या बाईंना किंवा गुरुजींना मात्र जरूर दाखवा.