'ने'वरून मुलाचं नाव शोधताय? खालापूरच्या मातीतलं 'नेताजी' हे नाव यादीत का नसतं?

खोपोलीत आमच्या घरी रविवारी बारसं आहे. भाच्याचा जन्म अनुराधा नक्षत्राच्या चौथ्या चरणावरचा, म्हणजे नावाचं अक्षर 'ने'. दादा-वहिनीने मोबाइलवर शोधाशोध केली. नेमिश, नेहाल, नेवान... प्रत्येकापुढे 'युनिक' किंवा 'ट्रेंडिंग' असा शिक्का. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "नेताजी ठेवा की. आपल्या चौकचंच नाव आहे."

सगळे हसले. मीही हसले. पण बाळाच्या कानात नाव सांगायचं काम आत्याचं, म्हणजे माझं. म्हणून जरा वाचून पाहिलं. आता मला हसू येत नाही.

नाव नेमकं कुठलं?

खोपोलीहून जुन्या महामार्गाने पनवेलकडे निघालं की चौक लागतं. खालापूर तालुक्यातलं हे गाव नेताजी पालकरांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जातं. नेताजी हे शिवाजी महाराजांचे सरनौबत, म्हणजे घोडदळाचे प्रमुख. पराक्रम असा की लोक त्यांना 'प्रतिशिवाजी' म्हणत. १६५९ मध्ये अफजलखानाच्या वधानंतर त्याच्या फौजेवर जे तुटून पडले, त्यांत नेताजी होते.

जुन्या लिखाणात हे नाव 'नेतोजी' असंही दिसतं. तानाजी, संताजी, धनाजी, हिरोजी, कान्होजी यांच्याच घरातलं हे नाव. शेवटचा 'जी' नावाचाच भाग आहे, नंतर चिकटवलेला मान नाही. आजच्या वेबसाइटना मात्र हे कळत नाही. नेताजी नावाच्या माणसाने फॉर्म भरला की 'नेताजी जी, आपले स्वागत आहे' असा मेसेज येऊ शकतो. इंजिनीअरिंग केल्यामुळे सांगते, चूक नावाची नाही. फॉर्म बनवताना असं नाव कुणाच्या डोक्यातच आलेलं नसतं.

मग लोक कचरतात का?

एक कारण इतिहासातच आहे. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरचा हल्ला फसला. नेताजी वेळेवर पोहोचले नाहीत म्हणून महाराजांनी त्यांना दूर केलं. ते आधी विजापूरकरांकडे आणि मग मिर्झाराजे जयसिंगांमार्फत मोगलांकडे गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले आणि औरंगजेबाने नेताजींना कैद करायला लावलं. १६६७ मध्ये त्यांचं धर्मांतर झालं आणि नाव पडलं मुहम्मद कुली खान. पुढे त्यांना थेट काबूलच्या बाजूला मोहिमेवर धाडण्यात आलं.

जवळपास दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, ते महाराजांकडे परतले. महाराजांनी शुद्धी करवून त्यांना पुन्हा आपल्यात घेतलं. कानात पहिल्यांदा सांगितलेलं नाव त्या माणसाला परत मिळालं.

'फितुराचं नाव कशाला?' असं कुणी विचारलं, तर मी हाच शेवट सांगेन. आपला माणूस चुकला, लांब गेला, परत आला आणि त्याला घरात घेतलं गेलं, ही गोष्ट मुलाला सांगण्यासारखी नाही का?

दुसरं कारण म्हणजे शब्दाचा अर्थच सरकला. १९४२ मध्ये जर्मनीत सुभाषचंद्र बोस यांना 'नेताजी' म्हणू लागले आणि पुढे देशभर नेताजी म्हणजे बोस हे समीकरण झालं. महाराष्ट्रात त्या आदरापोटी मुलांची नावं ठेवली गेली ती मुख्यतः 'सुभाष'. उत्तर प्रदेशात मुलायमसिंह यादव 'नेताजी' झाले. आता तर गल्लीतल्या फ्लेक्सवरही नेताजी असतात. वहिनीची भीती तीच आहे. शाळेत पोरं "काय नेताजी, निवडणूक कधी?" म्हणून चिडवतील. ही भीती खोटी नाही.

नाव किती लोकप्रिय, हे कळतं कसं?

आपल्याकडे नवजात बाळांच्या नावांची सरकारी क्रमवारी प्रसिद्ध होत नाही. अमेरिकेत होते. तिथलं सोशल सिक्युरिटी खातं १८८० पासूनच्या जन्मांची नावं देतं आणि पाचपेक्षा कमी बाळांना दिलेलं नाव यादीत घेत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या साइटवर 'टॉप १०' दिसलं, तर ती बहुधा शोध आणि क्लिकची गोष्ट असते. क्लिक जास्त म्हणून नाव वर आणि वर म्हणून क्लिक जास्त, असं ते चक्र फिरतं. सगळे आईबाप त्याच यादीतून 'युनिक' नाव उचलतात आणि बालवाडीच्या एका वर्गात दोन-तीन विहान सापडतात. 'नेताजी' कुणी शोधत नाही, म्हणून ते दिसत नाही.

घाई करायची गरज आहे का?

नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नावाशिवायही ती होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार १२ महिन्यांत नाव विनाशुल्क भरता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, वाहन परवाना अशा कामांना जन्मदाखलाच पुरावा धरला जातो. तेव्हा नाव नीट ठरवून, स्पेलिंग तपासूनच लिहा.

मग ठेवावं का?

प्रत्येकाने 'नेताजी' ठेवावं असं मी म्हणणार नाही. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं ते नाव मुलाला वागवायचं आहे, आजोबांना किंवा मला नाही. पण मोबाइलवरची यादी उघडण्याआधी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला एकदा विचारा, "या अक्षरावरून आपल्याकडे कुणाचं नाव होतं?" जे नाव आपल्या गावाचं आहे आणि ज्याची गोष्ट सांगता येते, ते नको असेल तर विचार करून नको म्हणा. हसून उडवून लावू नका.

आमच्याकडे अजून ठरलेलं नाही. निर्णय दादा-वहिनीचा. रविवारी पाठीत धपाटे खात बाळाच्या कानात मी 'कुर्रर्र' करेन आणि ते सांगतील तेच नाव घेईन. चौकच्या नेताजींची गोष्ट मात्र थोडा मोठा झाला की त्याला मीच सांगणार.