सरांच्या नोट्समध्ये खाडाखोड

परवा उमरखेडला जाऊन आलो. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये हाडं खिळखिळी करून घेतल्यावर मामेभावाकडे चहा पीत बसलो होतो, तेव्हा त्याच्या त्या विकीचा विषय निघाला. जखम जुनी आहे, पण अजून ठसठसते. म्हणून आजचा शनिवार तिच्या नावे.

गोष्ट २०२०-२१ ची. कोरोनामुळे कॉलेजं ऑनलाइन गेलेली. मामेभाऊ एका कॉलेजात (नाव सांगत नाही, त्याला तिथेच नोकरी करायची आहे) पर्यावरणशास्त्र शिकवायचा. पदवीच्या पोरांना हा विषय सक्तीचा. आणि ऑनलाइन शिकवणं म्हणजे काय, तर तासभर व्हिडिओ कॉल. साठातली पंधरा पोरं हजर, बाकीची गच्चीवर रेंज शोधतायत. मग व्हॉट्सॲपवर पीडीएफ. मग चार पर्यायांतून एक निवडा. झाला कोर्स!

मी म्हटलं, विकी टाकून बघू. मीडियाविकी फुकट आहे, महिन्याला चारपाचशे रुपयांत सर्व्हर मिळतो. व्हिडिओ लेक्चरला शेकडो एमबी लागतात, विकीचं साधं पान काही केबींत उघडतं. रेंज आली की वाचा, लिहा, सेव्ह करा. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ साली पहिली विकी काढली, तेव्हा हवाई बेटांच्या भाषेतला 'झटपट' या अर्थाचा शब्द उचलला, तो काही उगाच नाही. शिवाय कोणी, कधी, काय बदललं हे सगळं इतिहासात राहतं. आम्हा प्रोग्रामर लोकांना याची इतकी सवय असते की त्याचं अप्रूप वाटत नाही. मास्तरासाठी मात्र ती सोन्याची खाण आहे. पोरगं कुठे अडलं, कुठे शिकलं, सगळं दिसतं.

भावाने आपल्या नोट्स पानांवर टाकल्या आणि पोरांना सांगितलं, आपापल्या गावाची भर घाला. पहिले दोन आठवडे नुसतं कॉपी-पेस्ट. मग हळूहळू हळद आली, सोयाबीन आलं, पैनगंगा अभयारण्यातून रानडुकरं शेतात कशी येतात ते आलं. आणि एके दिवशी नदीकाठच्या एका मुलीने सरांचंच वाक्य खोडलं. नोट्समध्ये पैनगंगा 'बारमाही' होती. तिने लिहिलं, आमच्या गावाजवळ उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं, आम्ही वाळूत झरे खोदून पाणी भरतो, आणि इसापूर धरणातून पाणी सोडा म्हणून गावकऱ्यांना निवेदनं द्यावी लागतात.

भाऊ खूश. वरिष्ठ मात्र खवळले. विद्यार्थिनी सरांच्या नोट्समध्ये खाडाखोड करते म्हणजे काय? आठवड्याच्या आत विकी बंद, पीडीएफ परत चालू. त्या पीडीएफात पैनगंगा अजून बारमाही वाहते आहे.

"दादा, पोरीनं लिहिलं ते खरं होतं, तेच तर लफडं झालं," भाऊ म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, एका कॉलेजच्या किश्श्यावरून एवढा त्रागा कशाला? आणि पुण्यात काय झालं होतं ते विसरलास का? नाही विसरलो. २०११ साली विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यात कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, सिंबायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स वगैरे ठिकाणी पोरांना अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लिहायला लावलं. पोरांनी पुस्तकांतून, साइटवरून सरळ मजकूर चिकटवला. जगभरचे स्वयंसेवक तो उपसून थकले आणि वर्ष संपायच्या आत प्रयोग गुंडाळावा लागला. तेव्हापासून 'आपल्याकडे विकी चालत नाही' असं म्हणायला लोक मोकळे.

पण मंडळी, ती चोरी विकीने शिकवली का? झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग करून मिळणारे प्रोजेक्ट आपण सगळ्यांनी जमा केलेत. मीही केलाय. त्यावर सह्या झाल्या, मार्क मिळाले. विकीवर तीच चोरी पकडली गेली, एवढाच फरक. आरसा फोडून चेहरा सुधारत नाही. पुण्याचा धडा माझ्या मते एवढाच, की पोरांना एकदम जगाच्या चव्हाट्यावर उभं करू नका. आधी वर्गाची आपली विकी द्या, आपल्या भाषेत लिहू द्या, आणि ज्याबद्दल चिकटवायला मजकूरच सापडणार नाही, असा विषय द्या. आपल्या गावची नदी, उदाहरणार्थ.

आज 'स्वयम'वर ढीगभर कोर्सेस आहेत. २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून घेता येतात. चांगलंच आहे. तिथे व्हिडिओ आहे, चाचणी आहे, शंका विचारायला जागा आहे. पण मूळ धड्यातलं चुकलेलं वाक्य दुरुस्त करायची सोय विद्यार्थ्याला नाही. म्हणजे फळा ऑनलाइन गेला, खडू मात्र अजून सरांच्याच हातात.

'कोणीही बदलू शकतं' म्हणून विकी नको, असं म्हणणाऱ्यांना खोट्या माहितीची भीती नसतेच. खोटं एका क्लिकवर मागे फिरवता येतं. त्यांना भीती असते ती खऱ्या दुरुस्तीची.

तुमच्यापैकी कोणी कुठे शिकवत असाल, तर एवढं करा. पुढच्या सत्रात एकच धडा विकीवर टाका आणि त्यात पोरांना हात घालू द्या. सर्व्हर मी लावून देतो. शनिवार-रविवार मोकळाच असतो.